एमबीए : करावं का, आणि कुठून?

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं, किंवा बी.कॉम.नंतरच्या पहिल्या नोकरीला दीड-दोन वर्षं झाली, की मराठी घरांत एमबीएचा विषय हमखास निघतो. मामा म्हणतात, "एमबीए करून घे, आयुष्याचं भलं होईल." ऑफिसातला सिनियर म्हणतो, "कॅट दे, नाहीतर इथेच अडकशील." मग क्लास लागतो, परीक्षा होते, पडलेल्या पर्सेंटाइलमध्ये जे कॉलेज मिळेल ते घेतलं जातं, बँकेचं कर्ज मंजूर होतं. दुसऱ्या वर्षी प्लेसमेंट तोंडावर आली की मुलामुलींना पहिल्यांदा प्रश्न पडतो : आपल्याला नेमकं कोणतं काम करायचं आहे?

हा क्रम उलटा आहे, आणि या उलट्या क्रमाची किंमत पुढची सात-दहा वर्षं हप्त्यांनी मोजावी लागते. आधी काम ठरवायचं. त्या कामासाठी ही पदवी खरंच लागते का, ते पाहायचं. मग संस्था, आणि सही करण्यापूर्वी पैशांचा हिशेब. या प्रकरणात आधी पदवीची थोडी ओळख करून घेऊ आणि मग याच क्रमाने जाऊ.

ही पदवी निघाली कोणासाठी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रेल्वे, पोलाद आणि तेलाच्या कंपन्या एवढ्या वाढल्या, की मालकाने स्वतः गल्ल्यावर बसून धंदा पाहणं अशक्य झालं. हिशेब, माणसं, माल आणि भांडवल सांभाळणारा पगारी व्यवस्थापक हवा होता. १८८१ मध्ये जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॉर्टन स्कूल उभं राहिलं. १९०० मध्ये डार्टमथ कॉलेजात टक स्कूलने पदवीनंतरचं व्यवस्थापन शिक्षण सुरू केलं. १९०८ मध्ये हार्वर्डचं बिझनेस स्कूल निघालं आणि एमबीए हे पदवीचं नाव तिथून जगभर गेलं.

भारतात ही गरज स्वातंत्र्यानंतर भासली. पंचवार्षिक योजनांमधून मोठे कारखाने उभे राहत होते आणि ते चालवायला माणसं कमी पडत होती. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद इथे पहिल्या दोन आयआयएम स्थापन झाल्या. कोलकात्याला अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन स्कूलची मदत होती, तर विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अहमदाबादला हार्वर्डची. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था सुरू केली. तिला आजही सगळे 'बजाज' म्हणून ओळखतात.

काम करणाऱ्याला काम करवून घेणारा बनवणं, हा या शिक्षणाचा मूळ हेतू. पाश्चात्त्य देशांतल्या नामवंत संस्थांमध्ये म्हणूनच चार-पाच वर्षं नोकरी केलेले विद्यार्थी जास्त दिसतात. आपल्याकडे मात्र बरेच जण पदवी हातात पडताच थेट एमबीएच्या वर्गात येतात. ज्याने कधी कोणाच्या हाताखाली काम केलेलं नाही, त्याला माणसं सांभाळायला वर्गात कसं शिकवणार? कॅनडातले प्राध्यापक हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मध्ये 'मॅनेजर्स नॉट एमबीएज' या पुस्तकात हीच टीका सविस्तर केली. ती पूर्ण पटली नाही तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी : दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन गेलेल्याला या वर्गातून जास्त मिळतं, कारण शिकवलेलं ताडून पाहायला त्याच्या गाठीला काहीतरी असतं.

दोन वर्षांत हाती काय लागतं?

तीन गोष्टी हाती लागतात, आणि त्या एकमेकींत मिसळू न देणं महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट कौशल्य. शिक्षण ही माणसात केलेली गुंतवणूक आहे आणि ती त्याची कमाईची ताकद वाढवते, हा विचार अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. एमबीएत हे कौशल्य कसं घडतं, ते पाहायचं तर केस पद्धतीचा एक तास जवळून पाहावा. आदल्या रात्री पंधरा-वीस पानांची केस हातात येते. एका खऱ्या कंपनीचा खरा पेच, शेवटी आकड्यांची कोष्टकं, आणि कुठेही उत्तर नाही. समजा, दुधाच्या भुकटीचा कारखाना आहे, मागणी घटली आहे आणि गोदाम भरलंय. भाव उतरवायचा की उत्पादन थांबवायचं? रात्री चार-पाच जणांचा गट बसतो. कोणी खर्चाचे आकडे मांडतो, कोणी वितरकांची बाजू धरतो. सकाळी वर्गात प्राध्यापक न सांगता कोणाचंही नाव घेतात : "तुम्ही कारखान्याचे प्रमुख आहात. आज काय कराल?" त्याचं बोलणं संपायच्या आत दोन हात त्याला खोडून काढायला वर झालेले असतात. बोलण्यालाही गुण असतात. अशा शेकडो केस झाल्या की अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची आणि चारचौघांत तो मांडण्याची सवय लागते.

मराठी माध्यमातून आलेली अनेक मुलं पहिल्या सत्रात गप्प राहतात. मुद्दा डोक्यात असतो, इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. त्यांनी प्रवेशाआधीचे सहा महिने रोज मोठ्याने इंग्रजी बोलण्याचा सराव करावा. तेवढी एक तयारी त्यांना पुढची दोन्ही वर्षं उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की कंपनीला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून ती अवघड पदवीकडे खूण म्हणून पाहते. या विषयावरच्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. आयआयएमच्या दारात कंपन्या येतात त्याचं मोठं कारण हे, की लाखो अर्जांतून चाळणी लावण्याचं काम कॅटने आधीच केलेलं असतं. चाळणी जितकी बारीक, तितकी खूण मोलाची. ज्या कॉलेजात पैसे भरले की प्रवेश मिळतो, तिथल्या पदवीची खूण कंपनीला काहीच सांगत नाही. तिथून फार तर कौशल्य मिळेल, आणि तेही शिकवणारे चांगले असतील तरच.

तिसरी गोष्ट माणसं : बरोबरची बॅच, आधीच्या बॅचेस, त्यांचे फोन नंबर. ज्यांच्या घरात आधीच उद्योजक आहेत, अधिकारी आहेत, त्यांच्याकडे ही शिदोरी असतेच. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झालंय, त्यांना ती संस्थेतूनच मिळते. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पदवी महाविद्यालयांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची कुवत आणि महत्त्वाकांक्षा सारखी होती, अशा विद्यार्थ्यांची पुढची कमाई निवडक कॉलेजात गेल्याने फारशी वाढलेली दिसली नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना मात्र त्याचा फायदा झालेला दिसला. तो अभ्यास एमबीएचा नव्हता, पण त्यातून मिळणारा इशारा आपल्या कामाचा आहे : चांगल्या संस्थेची सर्वात जास्त गरज शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, छोट्या दुकानदाराच्या मुलामुलींना असते, आणि नेमकी तीच 'आपल्याला कुठे जमणार' म्हणून अर्ज भरत नाहीत. त्यांनी अर्ज भरलाच पाहिजे.

कोणाला गरज आहे, कोणाला नाही?

काही कामांचं मुख्य दार कॅम्पसवरच उघडतं. मोठ्या सल्लागार कंपन्या, इन्व्हेस्टमेंट बँकिंग, साबण-बिस्किटांसारख्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांतलं ब्रँडचं काम, मोठ्या उद्योगसमूहांच्या व्यवस्थापन प्रशिक्षणार्थींच्या जागा : इथे ठरावीक संस्थांतूनच बरीचशी भरती होते. कोडिंग सोडून वित्त क्षेत्रात जायचंय, कारखान्यातून मार्केटिंगमध्ये जायचंय, अशा क्षेत्रबदलालाही एमबीए हा राजमार्ग आहे. मनुष्यबळ व्यवस्थापन करायचं असेल तर जमशेदपूरची एक्सएलआरआय आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ही त्या क्षेत्रात मानाने घेतली जाणारी नावं आहेत.

काही कामांना मात्र ही पदवी लागत नाही. हिशेब आणि लेखापरीक्षणात रस असेल तर सीए जास्त खोल आणि कितीतरी स्वस्त. शेअर आणि गुंतवणुकीचं विश्लेषण करायचं असेल तर नोकरी करता करता सीएफएच्या परीक्षा देता येतात. सॉफ्टवेअरमध्येच राहायचं असेल तर तीन वर्षांचं चांगलं काम पदवीपेक्षा जास्त बोलतं. इचलकरंजीचा माग किंवा कोल्हापूरची फाउंड्री सांभाळायची असेल, तर दोन वर्षं धंदा सोडून वसतिगृहात राहणं परवडणारं नाही. त्यांच्यासाठी मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेसारख्या ठिकाणी कौटुंबिक उद्योगांचे वेगळे अभ्यासक्रम आहेत, ज्यांत थोडे दिवस वर्गात आणि बाकीचे दिवस स्वतःच्या धंद्यात अशी रचना असते.

आणि ज्यांना फक्त आत्ताची नोकरी नकोशी झाली आहे, त्यांनी आधी नोकरी बदलून पाहावी. वैताग हे एमबीएचं कारण होऊ शकत नाही. दोन वर्षांनी तसलाच साहेब आणि तसलंच टार्गेट पुन्हा समोर येऊ शकतं, आणि तेव्हा हप्ते चालू असल्यामुळे राजीनामाही देता येत नाही.

कुठून करावं?

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यापुढे तीन मोठे रस्ते आहेत.

पहिला कॅटचा. नोव्हेंबरच्या अखेरीस होणारी दोन तासांची ही परीक्षा इंग्रजी आकलन, माहितीचं विश्लेषण व तर्क, आणि गणित अशा तीन भागांची. प्रत्येक भागाला ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ गुण वजा. देशात आता वीसहून अधिक आयआयएम आहेत. नागपूरची २०१५ मध्ये सुरू झाली, तर पवईची जुनी नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. आयआयएम हे नाव सारखं असलं तरी अहमदाबाद, बेंगळुरू, कोलकाता आणि अलीकडे निघालेल्या संस्था यांच्यात येणाऱ्या कंपन्यांचा आणि पगाराचा मोठा फरक आहे. केवळ नावावर भुलू नये.

दुसरा रस्ता राज्याच्या सीईटीचा. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला गुण वजा नाहीत. इथे वेगाला महत्त्व आहे. या गुणांवर बजाज, सिडनहॅमची सिमश्री, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग यांसारख्या संस्था मिळतात. खासगी नामवंत संस्थांच्या तुलनेत त्यांचं शुल्क खूप कमी आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बहुतांश जागा राखीव असतात आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून प्रवेश घेतला तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शुल्क सवलतींसाठी अर्ज करता येतो. संस्थास्तरावरच्या जागेवर प्रवेश घेतला तर या सवलती हातच्या जातात, हे अनेकांना पैसे भरल्यावर कळतं. कॅपच्या वेळी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास ही कागदपत्रं तयार हवीत. तहसील कचेरीतल्या एका दाखल्यापायी हातची जागा निसटते. म्हणून सीईटीचा निकाल लागायच्या आतच ही फाइल पूर्ण करावी.

तिसरा रस्ता परदेशाचा. अमेरिकेत बहुधा दोन वर्षांचा, फ्रान्समधल्या इन्सीआडसारख्या संस्थांत एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तिथे जीमॅट किंवा जीआरई लागते. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे नोकरीत असतानाच परीक्षा देऊन ठेवता येते. अनुभव नसलेल्यांसाठी युरोपात एमबीएऐवजी व्यवस्थापनातली मास्टर्स पदवी हा योग्य मार्ग आहे. या रस्त्यावर सर्वात मोठी जोखीम व्हिसाची. अमेरिकेत एच-१बी व्हिशांची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ६५ हजार आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या अर्जांसाठी १ लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. शिकत असतानाच नियम बदलू शकतात. म्हणून परदेशी पगारावरच फिटेल असं कर्ज काढू नये. उद्या परत यावं लागलं, तर भारतातल्या पगारातून हप्ता जाईल का, हे आधी तपासावं.

रस्ता कोणताही असो, मान्यता स्वतः पाहावी. विद्यापीठाशी संलग्न संस्था एमबीए किंवा एमएमएस देतात, स्वायत्त संस्था पीजीडीएम देतात. पीजीडीएमला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता असावी लागते. पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का, हेही बघावं. आयआयएमनाही २०१७ च्या कायद्यानंतरच पदवी देण्याचा अधिकार मिळाला, त्याआधी तिथेही डिप्लोमाच मिळत असे. त्यामुळे डिप्लोमा म्हणून कमी लेखू नये, पण मान्यतेशिवायच्या डिप्लोमाला हातही लावू नये.

प्लेसमेंटचा अहवाल कसा वाचावा?

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर 'सर्वोच्च पॅकेज' असतं. ते वाचून पान उलटावं, कारण ते एकाच विद्यार्थ्याचं असतं. मग येते सरासरी. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना ८ लाख आणि एकाला ६० लाख मिळाले. सरासरी निघते १३ लाख २० हजार. त्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्याला हा पगार मिळालेला नाही. मध्यक मात्र ८ लाख येतो, आणि तोच खरं सांगतो. पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध असणारा विद्यार्थी म्हणजे तुम्ही, असं धरून चालावं.

यापुढचे प्रश्न असे. किती विद्यार्थ्यांपैकी किती जणांना नोकरी लागली? काही संस्था फक्त 'पात्र' विद्यार्थी मोजतात आणि उरलेल्यांना गाळतात. पॅकेजमध्ये हाती येणारा पगार किती, आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी किती? कामं कोणती? 'मार्केटिंग'च्या नावाखाली विमा आणि कर्ज विकण्याच्या नोकऱ्या किती? आयआयएम अहमदाबादने प्लेसमेंटच्या अहवालासाठी प्रमाणित नमुना घडवला आहे आणि काही संस्था त्यानुसार तपासलेले अहवाल प्रसिद्ध करतात. तुमच्या यादीतली संस्था तसं करत नसेल, तर का, असं प्रवेश कक्षात सरळ विचारावं.

सगळ्यात खरी माहिती माजी विद्यार्थ्यांकडून मिळते. तुमच्यासारखीच पदवी, तुमच्याएवढाच अनुभव, तुमच्यासारखंच घर, असे तीन जण लिंक्डइनवर शोधा आणि त्यांच्याशी बोला. ते आज काय करतात, पहिला पगार किती होता, पुन्हा तीच संस्था घेतील का? आयआयटीतून येऊन चार वर्षं नोकरी केलेल्याचं पॅकेज तुम्हाला मिळेलच असं नाही. तुमच्या जागेवरून निघालेला माणूस तिथून कुठे पोहोचला, हीच तुमच्यासाठी त्या संस्थेची खरी रँक.

हिशेब

आता एक हिशेब शेवटपर्यंत करू. समजा, सांगलीची एक इंजिनिअर पुण्यात तीन वर्षं नोकरी करतेय. हाती महिना ४५ हजार पडतात. दोन वर्षांच्या खासगी संस्थेसाठी ती २० लाखांचं कर्ज काढते, व्याज १० टक्के. निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचलली, निम्मी दुसऱ्या. शिक्षण संपेपर्यंत सरळ व्याजाने ३ लाख चढतात, म्हणजे देणं २३ लाख. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे ३८ हजार २००. दहा वर्षांत फेडायचं तर सुमारे ३० हजार ४००, पण व्याज चार लाखांहून जास्त वाढतं. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार : १० लाख ८० हजार.

संस्थेचा मध्यक १२ लाख असेल तर तिच्या हाती महिना साधारण ७५ ते ८० हजार येतील. सात वर्षांचा हप्ता वजा जाता उरतात चाळीसेक हजार, म्हणजे शिकण्याआधी मिळत होते त्याहून कमी. आणि नोकरी मुंबईत लागली तर घरभाडं वेगळं. शिवाय ती पुण्यातच राहिली असती तर या दोन वर्षांत तिचा जुना पगारही वाढला असता. मध्यक २० लाखांचा असता तर हे गणित सहज सुटलं असतं. आणि हीच मुलगी सीईटीतून सरकारी संस्थेत गेली आणि ८ लाखांतच भागलं, तर त्याच व्याजाने दहा वर्षांचा हप्ता १२ हजारांच्या आसपास बसतो. मग १२ लाखांचं पॅकेजही चांगलं ठरतं.

कर्ज घेताना तारण, जामीन आणि हप्ते सुरू होण्याआधीचा सवलतीचा काळ नीट विचारून घ्यावा. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेतून निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्क्यांची सूट आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी वजावट मात्र जुन्या करपद्धतीतच लागू आहे. शिकत असताना घरून थोडं थोडं व्याज भरता आलं तर ते भरावं. मग वरच्या उदाहरणातले ३ लाख देण्यात चढत नाहीत आणि त्यांच्यावरचं पुढचं व्याज वाचतं.

निर्णय

एका कागदावर चार ओळी लिहा. मला पाच वर्षांनी कोणतं काम करायचं आहे? माझ्यासारखे कोणते तीन जण या संस्थेतून त्या कामापर्यंत पोहोचले? संस्थेचा मध्यक किती? त्या पगारातून हप्ता गेल्यावर माझ्या हाती आणि घरी द्यायला किती उरेल?

चारही ओळी भरल्या आणि हिशेब जमला, तर मागेपुढे न पाहता जा आणि वर्गात रोज हात वर करा. घरच्यांना हाच कागद दाखवा. मध्यक आणि हप्ता समोर असला की आईवडिलांनाही तुमच्याबरोबर विचार करता येतो. पहिल्याच ओळीला अडलात, तर यंदा थांबा. एक वर्ष जास्तीचं काम केल्याने दार बंद होत नाही, उलट अर्जाचं वजन वाढतं. तिसऱ्या-चौथ्या ओळीला अडलात, तर संस्था बदला किंवा स्वस्त रस्ता धरा. 'यंदा नको' आणि 'मला नकोच' ही दोन्ही उत्तरं 'हो' इतकीच सन्मानाची आहेत. दोन वर्षं तुमची जाणार आहेत आणि हप्ताही तुमच्याच खात्यातून जाणार आहे, तेव्हा या चार ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय प्रवेशाचे पैसे भरू नका.